दारात चालू ठेवलेली मोटार

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान मल्हारी दाजी गेल्याची तार आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत आली तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. तारेत चार शब्द होते. कचेरीत दिवसभर तारा येतच असतात. सवयीने मी तीही तशीच वाचली, कोपऱ्यात वेळ टाकली आणि छापायच्या गठ्ठ्यात ठेवून दिली. थोड्या वेळाने उठून ती परत काढली. त्याला आज पाच आठवडे झाले.

त्याआधी बारा दिवस मी त्यांना जालन्याला भेटलो होतो. छातीचं दुखणं होतं. भिंतीला टेकून बसले होते, पाठीशी दोन वाकळा. मला पाहून तब्येतीचं एक अक्षर बोलले नाहीत. गेली आठ-नऊ वर्षं प्रत्येक भेटीत विचारायचे तेच विचारलं.

"छापलंस का?"

"न्हाई अजून, दाजी."

"मंग कवा? मी गेल्यावर?" असं म्हणून हसले, आणि हसण्याचा खोकला झाला तो बराच वेळ थांबला नाही.

त्यांना छापून हवं होतं ते एका बाईच्या मृत्यूचं कारण. लढाईच्या आधीच्या एका उन्हाळ्यात आमच्या पत्रात तीन ओळी आल्या होत्या : तीर्थपुरीहून जालन्यास नेली जात असता एक अडलेली बाळंतीण वाटेत मोटार नादुरुस्त झाल्याने दगावली. त्या तीन ओळी मीच लिहिल्या होत्या. ती मोटार दाजी चालवत होते. त्या ओळी त्यांना कधीच मान्य झाल्या नाहीत. "मोटारीवर ढकलू नको," ते म्हणायचे. "मोटार मुकी हाये. तिला जबानी देता येत न्हाई." सगळं नीट छाप, माझ्या नावासकट छाप, म्हणजे दुसरे ड्रायव्हर वाचतील, एवढंच त्यांचं मागणं. मी टाळत राहिलो. बहिणीच्या घराची बदनामी मला नको होती, आणि मोटारीच्या तेलाची हकिकत ही बातमी नव्हे असं कारण मी स्वतःला देत असे.

दाजींचं घराणं आष्टीकडचं, मेंढरांचं. दोन दुष्काळांत कळप गेला आणि ते ऐन विशीत जालन्याला कापसाच्या जिनिंगमध्ये हमालीला आले. तिथल्या लॉरीवर मोटार शिकले. पुढे सदर बाजारातल्या एका डॉक्टरांनी मोटार घेतली, तिच्यावर लागले आणि बारा वर्षं टिकले. काळी, कापडी टपाची मोटार. दाजींना अक्षरओळख नव्हती, पण बोटांना बरंच कळायचं. वडील जशी लोकर अंगठा आणि बोटात चोळून मेंढराचं दुखणं सांगायचे, तसे दाजी इंजिनातलं तेल ते मोजायच्या काडीवरून बोटावर घेऊन चोळायचे. पण तेव्हा त्यांना त्यातलं अर्धंच कळत होतं, असं ते पुढे म्हणत.

डॉक्टरांचा नियम मैलांचा होता. ठरावीक मैल झाले की इंजिनातलं तेल काढायचं, नवं घालायचं. मैल ते स्वतः वहीत टिपून ठेवत. माणूस शिस्तीचा, नियमात चूक काढावी असं काही नाही. मात्र मोटार मैल फारसे करतच नसे. जालन्यातल्याच कादराबादेत एक पेशंट, तिथून पाव मैलावर दुसरा, मग परत दवाखाना. इंजिन पुरतं तापायच्या आत प्रवास संपायचा.

आणि प्रवास संपला तरी इंजिन थांबत नसे. याला कारण आमच्याकडची एक समजूत. आजाऱ्याच्या दारात मोटार आली की तिचा धडधडाट चालू राहिला पाहिजे. तो थांबला तर आतल्या माणसाच्या छातीतली धडधड थांबते, असं लोक मानत. मोटारी जालन्यात येऊन वीस वर्षंही झाली नव्हती, तेवढ्यात ही रीत कुठून आली कोण जाणे... पण होती. घरातली म्हातारी माणसं उंबऱ्यात येऊन हात जोडून सांगत, "बाबा, गाडी बंद करू नको." दाजी मऊ मनाचे. डॉक्टर आत अर्धा तास असोत की दीड तास, ते मोटार चालू ठेवून बाहेर उभे राहत. पेट्रोल जातं म्हणून डॉक्टर एकदा रागावले, तेव्हा म्हणाले, "साहेब, औषध तुमी देता, एवढं मला देऊ द्या."

त्या दिवसांत त्यांना मोटारीचा मोठा अभिमान होता. इतरांच्या गाड्या तेल पितात, आपली पीत नाही. मी दिवाळीला गेलो होतो तेव्हा त्यांनी अंगणातच मला बॉनेट उघडून काडी दाखवली. "बघ पेपरवाल्या, तेल टाकून सहा महिने झाले. थेंब कमी न्हाई. उलट बोटभर वर!"

बहीण आतून म्हणाली, "गाडीचं तेल वर चढून राह्यलंय आन् माझ्या बुधल्यातलं खाली. तिलाच सांगा भाकरी थापायला."

आम्ही तिघंही हसलो. काडीवरचं तेल वर का चढतंय, हे आमच्यापैकी कोणी विचारलं नाही.

त्या दिवसाची हकिकत दाजींनी मला कितीतरी वेळा सांगितली, आणि तिच्यात कधी एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. वैशाखाचा महिना होता. तीर्थपुरीहून घोड्यावर माणूस आला. बाई दोन दिवस अडलेली. बाईचं नाव सरू, वय एकोणीस-वीस. आमच्या पत्रात तिचं नाव आलं नव्हतं, ते इथं देतो. डॉक्टर आणि दाजी लगेच निघाले. पोचले तेव्हा ऊन डोक्यावर होतं. डॉक्टर आत गेले. सासू उंबऱ्यावर आली आणि नेहमीचंच बोलली. दाजींनी मोटार चालू ठेवली. डॉक्टरांनी दोन तास प्रयत्न केला, मग बाहेर येऊन म्हणाले, जालन्याला न्यावी लागेल, जल्दी. मागच्या बाकावर तिला निजवलं, नवरा तिचं डोकं धरून बसला, डॉक्टर पुढे.

दाजींनी ती मोटार त्या दिवशी जितकी पळवली तितकी कधी पळवली नव्हती. अंबड मागे पडलं. गोलापांगरीच्या अलीकडे इंजिनाखालून आवाज सुरू झाला. टक... टक... टक. हलका, लोहारानं लांब कुठे ठोकावं तसा. इंजिन बिघडतंय हे त्यांना कळलं. थांबून थंड करावं तर तास जातो, दामटावं तर इंजिन जातं. त्यांनी मागे पाहिलं. बाईचे डोळे उघडे होते आणि ती त्यांच्याकडेच पाहत होती. त्यांनी दामटली. मैलभर पुढे इंजिन जाम होऊन मोटार जागच्या जागी थांबली, चालू करायचं हँडल मारायला गेले तर ते इंचभर फिरेना.

गोलापांगरीत बैलगाडी मिळेपर्यंत सरू गेली होती. मूल पोटातच गेलं. रस्त्याकडेच्या बाभळीखाली तिला उतरवलं. नवरा रडत नव्हता. दाजींजवळ आला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, जसा एखादा खरंच माहिती विचारतो :

"ड्रायव्हरसाहेब, आमच्या दारात तर दोन तास बिलकुल थांबली न्हाई. मंग हितं कशी थांबली?"

दाजींना उत्तर चार दिवसांनी मिळालं. इंजिन जालन्याच्या एका मिस्त्रीने उघडलं. तळाशी काळा चिखल होता आणि वर पाण्यासारखं पातळ, पेट्रोलचा वास मारणारं तेल, तेही ओंजळभर. मिस्त्रीने सांगितलं ते असं. थंड इंजिन नुसतं उभ्या उभ्या चालत राहिलं की सगळं पेट्रोल जळत नाही. उरलेलं खाली तेलात उतरतं. तेल पातळ होतं आणि काडीवर मात्र भरलेलं दिसतं, वाढलेलंही दिसतं. एकाएकी मोटार तापवून पळवली की ते पेट्रोल उडून जातं, आणि मागे राहतं त्याच्यात लोखंडाला लोखंडापासून लांब ठेवण्याची ताकद नसते. लांबच्या सरळ रस्त्यावर चालणाऱ्या मोटारीचं तेल दुप्पट मैल टिकेल. दारोदार उभी राहणारीचं निम्म्यातच मरेल. वहीत मैल कमी होते. इंजिन किती तास चाललं ते कोणी लिहिलंच नव्हतं.

डॉक्टरांनी दोष दिला नाही. म्हणाले, मल्हारी, नियमाप्रमाणे तेल बदलायला अजून अवकाश होता, आपल्या हातात काही नव्हतं. दाजींना दोष दिला असता तर सोपं गेलं असतं, असं मला वाटतं. मोटार दुरुस्त झाली. त्यानंतर ते कोणाच्याही दारात गेले की पहिल्यांदा इंजिन बंद करायचे. बाया शिव्याशाप देत. एका घरात पेशंट त्याच दिवशी दगावला, तेव्हा लोक दाजींच्या अंगावर धावून आले. "तुझ्या हातानं मेलं आमचं माणूस," म्हणाले. दाजी मार खात उभे राहिले, हात उचलला नाही. पुढे लोक डॉक्टरांना सांगू लागले, तुम्ही या, तो ड्रायव्हर नको. दाजींनी आपण होऊन काम सोडलं आणि शहागडच्या प्रवासी नेणाऱ्या सर्विस मोटारीवर गेले.

घरात त्यांचं बोलणं कमी झालं. बहिणीला घरात मिरची कांडता येईना. उखळातला ठोका ऐकला की ते उठून बाहेर जात. ती शेजारी जाऊन कांडायची. आम्ही जेवायला बसलो असताना मध्येच घास हातात धरून ते थांबत. "काय ऐकून राह्यले?" बहीण विचारायची. "काय न्हाई," म्हणायचे, आणि बऱ्याच वेळाने घास तोंडात जायचा. शेवटच्या आठवड्यात शुद्ध जाऊन येऊन होती. त्या काळात त्यांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली, असं बहीण म्हणाली : "दारात मोटार चालू हाये. कुणी तरी बंद करा." गल्लीत मोटार नव्हती. तिने प्रत्येक वेळी उठून दार उघडून पाहिलं.

महिन्याच्या विधीला मी जालन्याला गेलो. पाहुणे जेवून गेल्यावर बहीण आणि मी ओट्यावर बसलो होतो, तेव्हा एक मोटार येऊन शेजारच्या दाराशी उभी राहिली. शेजारची म्हातारी तापाने पडलेली. कोणी दुसरे डॉक्टर आत गेले. इंजिन चालूच. बहीण माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तुला पण ऐकू येऊन राह्यलं ना?"

मी उठून गेलो. ड्रायव्हर चाळिशीचा होता, नाव इब्राहिम.

"मियाँ, जरा बंद करता का?"

"अंदर बीमार हाये, साहेब. दारात बंद करणं अच्छा न्हाई. लोक नाराज होतेत."

"तेल कधी बदललं?"

"जरूरतच न्हाई." तो खुशीत आला. "थेंब पीत न्हाई ही. काडी देखो, उलट दोन बोट ऊपर."

मी त्याला सगळं सांगितलं. वर लिहिलं आहे त्याच क्रमाने, सरूच्या नावासकट, तिच्या नवऱ्याच्या प्रश्नासकट. मी हे पहिल्यांदाच कोणाला तरी मोठ्याने सांगत होतो. शेवटी त्याने विचारलं, "वो ड्रायव्हर कौन?"

"माझे दाजी. हे घर त्यांचं. महिना झाला."

त्याने ओट्याकडे पाहिलं. बहीण उभी राहिली होती. त्याने हात आत घालून बटण फिरवलं.

गल्ली एकदम रिकामी झाल्यासारखी वाटली. लगेच शेजारच्या घरातून बाईची किंकाळी आली, "अगं बाई, गाडी बंद पडली!" आणि कोणी तरी रडायला लागलं. इब्राहिमचा हात पुन्हा बटणाकडे गेला. त्याने माझ्याकडे पाहिलं. आत खरंच काही झालं असेल तर काय, हे माझ्याही मनात आलं. दाजी प्रत्येक दारात या क्षणातून गेले होते, आणि एकटे.

मग तो दाराकडे तोंड करून मोठ्याने ओरडला, "पडली न्हाई, माई! मी बंद केली. बुलाव तवा येका हातात चालू करतो!"

आतलं रडणं थांबलं नाही. इब्राहिमने हँडल काढलं, मोटारीच्या पायरीवर बसला आणि ते मांडीवर आडवं धरलं. बहीण ओट्यावरून उतरून आली आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी राहिली. डॉक्टर बाहेर येईपर्यंत आम्ही तिघंही तिथून हललो नाही.