पाठीवरच्या पट्ट्या

गौरीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या मैनानं सगळ्या बायकांना आपल्या बोटानं कुंकू लावलं. छायाजवळ आल्यावर मात्र तिनं करंडाच पुढे केला.

"तूच लावून घे गं, माझे हात तेलकट झालेत."

हात तेलकट नव्हते. छायानं पदराखालून स्वतःचे हात बाहेर काढले तेव्हा शेजारी बसलेली बाई जराशी सरकून बसली. बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या, मनगटापर्यंत लाल चट्टे उठले होते आणि त्यांतून पाणी येत होतं. डोळ्यांच्या पापण्या तर अशा सुजल्या होत्या की ती रात्रभर रडून आल्यासारखी दिसत होती. ओटी पदरात घेऊन ती मान खाली घालून घरी आली. मागून कुणीतरी म्हणालेलं तिनं ऐकलं होतं, "रक्तपिती अशीच सुरू होते म्हणतात."

तो सत्याण्णव सालचा भाद्रपद. मखमलाबादच्या अंगाला त्यांचा शेवंतीचा मळा. नवरा भारत पहाटे फुलांच्या पाट्या घेऊन नाशकाच्या फुलबाजारात जायचा, मागे छाया आणि सासू नवसाबाई खुडणी करायच्या, हार गुंफायच्या. घटस्थापनेला गावच्या देवीला पहिला हार त्यांच्याच घरचा, आणि तो सुनेनंच गुंफायचा, असा मान होता. आता नवरात्र तोंडावर आलं होतं. खरंच रक्तपिती निघाली तर हार राहू द्या, घरच्या पिठाला तरी हे हात कोण लावू देईल, एवढी एकच गोष्ट छायाच्या मनात दिवसभर फिरत असे.

उपाय ती करतच होती. झेंडूचा पाला ठेचून त्याचा रस चट्ट्यांवर चोळायची. आणि रोज सकाळी नवसाबाई देवघरातलं कालचं निर्माल्य, म्हणजे शेवंतीचंच फूल, तिच्या हातावर ठेवायची. "डोळ्यांना लाव बाई. देवीचं हाय. उतार पडंल." छाया मनोभावे ते फूल दोन्ही पापण्यांवरून फिरवायची. दुपारपर्यंत डोळे पुन्हा सुजायचे. आपल्याच भक्तीत काहीतरी खोट असेल असं समजून दुसऱ्या दिवशी ती फूल जास्त वेळ डोळ्यांना लावून ठेवायची.

शेवटी हाराचा दोरा आणायला जाते म्हणून ती घरातून निघाली आणि पेठ नाक्याजवळच्या एका लहानशा दवाखान्यात जाऊन बसली. डॉक्टर मंजुषा नावाच्या बाई होत्या. त्यांनी काही न विचारता तिचा हात आपल्या हातात घेतला. कितीतरी दिवसांनी कुणी तिच्या हाताला हात लावला होता. मग त्यांनी तिला डोळे मिटायला लावून कापसाची वात चट्ट्यावरून फिरवली, सुई हलकेच टोचली.

"कळतंय?"

"कळतंय."

"इथे?"

"लय कळतंय, बाई."

सुई कशासाठी टोचतायत हे छायाला पुरतं ठाऊक होतं; रक्तपितीत कातडी बधिर होते. टोचल्याचा तिला एवढा आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता.

"महारोग नाही हा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कशाची तरी ॲलर्जी आहे. म्हणजे एखादी वस्तू तुमच्या अंगाला मानवत नाही. कुठली ते शोधू. रोज ज्याला हात लावता ते सगळं थोडं थोडं घेऊन या."

दुसऱ्या दिवशी छायानं शेवंती, झेंडूचा पाला, बांधावरचं गाजरगवत आणि धुण्याचा साबण नेला. बाईंनी प्रत्येकाचा चिमूटभर कुटका जाळीच्या कापडात घालून तिच्या पाठीवर चिकटपट्टीनं बसवला, साबण पाण्यात पातळ करून लावला, आणि पट्टीशेजारी पेनानं खुणा केल्या. "दोन दिवस पाठीला पाणी नको. आंघोळ बंद."

छाया हो म्हणाली आणि रस्त्यावर आल्यावर तिच्या ध्यानात आलं की हे होणार कसं. आंघोळ केल्याशिवाय त्यांच्या घरात चुलीला हात लावायचा नाही, देवघराचा उंबरा ओलांडायचा नाही. दवाखान्याचं सांगितलं तर रोगाचं नाव निघणार. मग घरी पोचल्यावर तिनं तोंडाला येईल ते सांगितलं.

"आत्याबाई, मी बाजूला बसते. कावळा शिवला."

नवसाबाईनं ओसरीत गोणपाट टाकलं, वेगळी ताटली आणि तांब्या ठेवला. छाया तिथंच बसून राहिली. पाठीत एका जागी आग आग होत होती, पण हात नेऊन खाजवायची सोय नव्हती. त्याहून जास्त जाळत होतं ते बोललेलं खोटं. पितृपक्ष चाललेला. घरात सासऱ्यांचं पान वाढलं गेलं आणि सून विटाळाचं सोंग घेऊन बाहेर.

दुसऱ्या दिवशी पोलक्याच्या गळ्यातून पट्टी दिसली.

"पाठीला काय डकवलंय?" नवसाबाईनं विचारलं. मग आपणच म्हणाली, "गणपती उठले तवा तू बाजूला बसली व्हतीस. अजून पक्ष सरला नाय. इतक्यात पुन्हा कसा कावळा शिवंल? मला येडी समजती व्हय?"

छायानं सगळं सांगितलं. सांगताना तिला सासूच्या पायांपलीकडे बघवेना.

"दवाखान्यात गेलीस ते गेलीस," नवसाबाई म्हणाली, "पर विटाळाचं खोटं? देवाच्या तोंडावर?"

भारतही तिथंच होता. तो बिचारा हसण्यावारी न्यायला गेला. "अगं, साबणाची असंल तर बरंय. रोज धुणं मी धुतो."

कुणीच हसलं नाही.

पट्ट्या काढायच्या दिवशी नवसाबाई डोक्यावर पदर घेऊन स्वतः बरोबर निघाली. डॉक्टरीणबाईंनी पट्ट्या सोलल्या. साबणाखाली कातडी स्वच्छ होती. झेंडूच्या पाल्याखाली थोडी लाली होती, गाजरगवताखाली जास्त. शेवंतीच्या जागी बारीक फोड टरारून आले होते. बाईंनी नवसाबाईला जवळ बोलावून ते दाखवलं.

"शेवंतीला हात लावायचा नाही. खुडणी नाही, हार नाही. झेंडूचा पाला चोळणं आजपासून बंद, आणि गाजरगवत दुसऱ्या कुणाकडून उपटून घ्या."

"आन देवाचं फूल?" नवसाबाईनं विचारलं.

"देवाला वाहिलं तरी फूल तेच राहतं, आजी. डोळ्यांना लावता का?"

छाया पदर सावरू लागली. आपण सांगितलं तर सासूचं नाव येईल.

"मीच देते तिला," नवसाबाई म्हणाली. "रोज सकाळी. माझ्या हातानं." तिचा आवाज इतका बारीक झालेला छायानं कधी ऐकला नव्हता.

मलम मिळालं, गोळ्या मिळाल्या. पापण्यांची सूज उतरली, चिरा भरत आल्या. रोग लागणारा नाही हेही गावात कळलं. पण छायाची मान काही वर होईना. आधी रोगाची लाज होती. आता देवीचं फूलच आपल्याला मानवत नाही याची लाज. मळा शेवंतीचा, मान शेवंतीचा, आणि सून अशी. घटस्थापनेच्या सकाळी नवसाबाईनं हार गुंफला. छाया दारात लांब उभी राहून नुसती बघत होती.

देवळात आरती झाली. मल्हारी गुरव एकेकीच्या ओंजळीत देवीच्या अंगावरचं फूल घालत आला. बायका ते डोळ्यांना लावत होत्या, केसांत खोवत होत्या. तो छायासमोर थांबला. घेतलं नाही तर देवीचा अपमान, आणि घेतलं तर उद्या पुन्हा तेच डोळे. नवसाबाईनं काही बोलायला तोंड उघडलं, पण त्याआधीच छाया म्हणाली,

"काका, मला शेवंती चालत नाही."

"देवीच्या अंगावरची हाय, पोरी."

"तरी नाही चालत."

गाभाऱ्यापासून पायरीपर्यंत सगळ्यांनी ऐकलं. छायाचे हात जोडलेलेच राहिले, पुढे झाले नाहीत. मल्हारीनं फूल तबकात परत ठेवलं आणि खोबऱ्याचा तुकडा तिच्यापुढे धरला. आता तिनं ओंजळ केली. ते खोबरं तिनं तिथंच, देवीकडे न बघता खाल्लं.

मागची बाई म्हणाली, "झालं ना? मग सरक पुढं, माझी पोरं खोळंबलीत."

छाया सरकली.