फ्लॉपीतलं नाव

हा पोरगा एक दिवस स्वतःच्या हाताने स्वतःचं लग्न मोडणार, ही धास्ती प्रमिलाच्या मनातून जातच नव्हती. आणि तिच्या लेकाने, हितेशने, ती खरी करून दाखवली.

सत्त्याण्णव साली शहापूरच्या बाजारपेठेत त्याने दुकान काढून कॉम्प्युटर मांडला; लोकांचे कागद टाइप करून फ्लॉपीवर द्यायचा. काम चोख, पण जीव सगळा फ्लॉपीच्या लेबलात. गिऱ्हाईक खोळंबलंय आणि हा रंगीत कागद कातरतोय, वेलबुट्टीची किनार काढतोय. फ्लॉपीला आतूनही नाव देता येतं हे कळल्यावर तर त्याला चेवच चढला. आत इंग्रजी अक्षरं मावतात अकराच. लोकांची लांबलचक नावं बसणार कशी? मग गावात ज्याला जे म्हणतात, तेच हा टाकायला लागला.

सापगावच्या भातगिरणीवाल्या म्हादूशेठना सगळे खेकडा म्हणतात, अर्थात पाठीमागे. त्यांच्या फ्लॉपीवर बाहेर सोनेरी शाईत ‘श्रीयुत’, आणि आत खेकडा! ती घेऊन शेठ मुरबाडला वकिलाकडे गेले. तिथल्या कॉम्प्युटरने पडद्यावर पहिल्याच ओळीत ते नाव दाखवलं. वकील हसला, कारकून हसले. याच शेठच्या अनिताशी हितेशचं जमत आलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच गिरणीवरचा माणूस सांगून गेला, “शेठ बोलले, सोयरीक ऱ्हाऊ दे.”

“अरे, होणाऱ्या सासऱ्याला खेकडा?”

“आत कोण बघतंय, असं वाटलं गो आई. आणि तू नाय म्हणत?”

“मी घरात म्हणते! छापून देते काय त्यांच्या हातात?”

“दुसरी करून देतो ना. हिरवी किनार, वर मोर…”

प्रमिलाने कपाळावर हात मारून घेतला. “मोर चिकटवतोय मेला! अनिता काय म्हणते, विचारलंस?”

“शेठच नाय म्हणाले ना.”

“शेठशी लग्न करायचंय तुला?”

हितेशने मोरासाठी निळा कागद उचलला. कातर अजून हातातच होती.

आता याच्यावर सोडलं तर हा मोराचा पिसारा रंगवत बसेल आणि तिकडे पोरीला दुसरं स्थळ येईल. बरं, काहीतरी टाइप करायचंय म्हणून ती पोरगी सापगावाहून उगाच का दुकानात येत होती? पण तिला कुणी विचारलंच नाही. शेठना आधी फोन केला तर ते ऐकूनही घेणार नाहीत. दुपारी ते गिरणीवर असतात आणि घरचा फोन अनिताच उचलते. मोडायचंच असेल तर तिच्या तोंडून मोडू दे.

“तो मोर ठेव खाली,” प्रमिला म्हणाली, आणि तिने फोनचा रिसीव्हर उचलला.