मातीच्या वाघाची इंदूआत्या

कंपनीच्या गेटवर फोन आला तेव्हा माझी पहिली शिफ्ट संपत होती. पेणजवळच्या हमरापूरहून आतेभाऊ बोलत होता. ‘आई गेली...’ एवढंच म्हणाला. तसाच रोह्याहून पेणची एस.टी. धरली. त्याला आता दीड महिना झाला.

इंदूआत्या आमची रोह्याची. लग्न होऊन हमरापूरला गेली, तिथं सासरी गणपतींचा कारखाना. मूर्तींच्या डोळ्यांची आखणी तिच्याकडे, नवरात्राआधी देवीचा वाघही तीच रंगवायची. खरा वाघ तिनं कधी पाहिला नव्हता. माझ्या आजोबांनी तरुणपणी रोह्याच्या डोंगरात पाहिला होता. पुढं तिथं कुणालाच दिसला नाही. ‘बापाच्या डोळ्यांनी रंगवते रे,’ आत्या म्हणायची.

पाच-सहा वर्षांपूर्वी मुंबईचे एक गृहस्थ घरच्या देवीची ऑर्डर घेऊन आले. मी सुटीचा तिथंच होतो. त्यांच्या डबीत वाघाची खरी नखं होती, मूर्तीतल्या वाघाला बसवायला. देवीखाली अंथरायला कातडंही मिळतंय, असं त्यांनी मोठ्या अभिमानानं सांगितलं. आत्यानं एक नख उचललं. मुळाशी मांस वाळून चिकटलं होतं. तिनं ते परत डबीत ठेवलं. मग शांतपणे म्हणाली, कातडंही आणा, माप घेऊन बैठक करते. डबी मात्र ठेवून घेतली.

ते गेल्यावर आतेभाऊ घाबरला. बडा माणूस, आपली गिऱ्हाइकं तोडेल, नखं परत देऊन मोकळं होऊ, असं त्याचं म्हणणं. आत्या म्हणाली, ‘नखं उपटलेल्या वाघावर आईला बसवू कशी?’ दुसऱ्या दिवशी वडखळला गाडी बदलून आत्या आणि मी अलिबागला वनखात्याच्या कचेरीत गेलो.

आठवड्यानं गृहस्थ कातडं घेऊन आले, तेव्हा वनखात्याची माणसं साध्या कपड्यांत कारखान्यात माती मळत बसली होती. गृहस्थ पकडले गेले, मागोमाग विकणारेही. पंचनाम्यासाठी कातडं जमिनीवर उलगडलं. आत्या त्याच्याजवळ बराच वेळ बसून राहिली. ‘दोन्ही कुशींचे पट्टे निराळे हायत बघ. मी आजवर सारखेच काढले...’ तेव्हा मात्र तिचे डोळे भरून आले.

त्या हंगामात काही गिऱ्हाइकं खरंच तुटली. आत्या डगमगली नाही. कोर्टात वकिलानं दरडावलं तरी तिची साक्ष बदलली नाही. शेजारच्या जोहे गावच्या शाळेतली पोरं कारखाना बघायला आली की त्यांना सांगायची, वाघाच्या कातड्याला, नखांना, हाडांना गिऱ्हाईक आहे तोवर त्याला मारणारे राहणार; आपण गिऱ्हाईक व्हायचं नाय, एवढं तरी आपल्या हातात हाय.

कारखान्याच्या दाराशेजारी भिंतीवर तिनं स्वतः लाल रंगात लिहिलंय : ‘वाघ इथं मातीचा मिळेल. खरा रानात राहू दे.’ गेल्या आठवड्यात गेलो, तर वहिनी भिंतीला चुना देत होती. तेवढी जागा तिनं सोडली होती आणि फिकट झालेली अक्षरं पुन्हा गिरवली होती. मी जवळ गेलो तशी म्हणाली, ‘हात नका लावू, भावजी. ओलं हाय.’