मिरचीच्या कोठीतलं इंजिन

माझ्याकडे वाफेचं एक इंजिन आहे. हातभर लांब, पण खरंखुरं. तांब्याचा बॉयलर, खाली स्पिरिटचा दिवा, आणि पाणी उकळलं की आपल्या वाफेवर रुळांवरून धावतं. कोराडीच्या वीजकेंद्रात जन्मभर दुसऱ्यांचे बॉयलर सांभाळले, निवृत्तीनंतर एखादा स्वतःचा असावा म्हणून घेतलं.

धावायचं मात्र ते जवळजवळ कधीच नाही. कारण धावलं की बॉयलर रिकामा करा, वाळवा, चाकं पुसा, सांध्यांना तेल द्या. तेव्हा मी धावण्याचा भाग गाळून टाकला. रोज सकाळी पुसायचो, तेल द्यायचो आणि समाधानाने चहा प्यायचो. लोक देवाचंही असंच करतात. त्याला कोणी धावून दाखव म्हणत नाही.

पावसाळ्यात गंजाची धास्ती. आमच्या भिंतीसुद्धा ओल धरतात. घरात कोरडी जागा एकच, बायकोची मिरचीची पत्र्याची कोठी. भिवापुरी मिरची ती उन्हाळ्यात गच्चीवर कडकडीत वाळवते आणि वर्षभराची त्यात भरून झाकण गच्च बसवते. मी इंजिनाला भरपूर तेल देऊन ते पावसाळाभरासाठी तिच्या जुन्या साडीत गुंडाळून मिरच्यांवर निजवलं. काही दिवसांनी तिने साडी ओळखली, "हे तं चांगली हाय अजून" म्हणत काढून घेतली आणि इंजिन तसंच उघडं मिरच्यांत खोचलं. मला पत्ता नाही.

मग महाल भागात राहणारे माझे साडू, म्हणजे मेहुणीचे यजमान, जेवायला आले. पहिल्याच घासाला थबकले.

"भाऊ, रश्शात आगगाडीचा वास काहून येऊन राहिला?"

इंजिनाचं तेल मिरच्यांत उतरलं होतं. बायकोच्या रश्शाला आजवर कोणी नाव ठेवलं नव्हतं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी ताटातच बघत राहिलो.

"अन् ते धावते तरी का गा?" साडूंना चेव चढला. "का नुसतं तेलच पिते?"

"अजी, रविवारी साऱ्यांसमोर चालवून दाखवा," बायको म्हणाली. "नाही चाललं त शोकेसमध्ये ठेवीन. मंग त्याले हात लावाचा नाही."

आमच्या शोकेसमध्ये प्लास्टिकची द्राक्षं आहेत आणि माझ्या निरोप समारंभात मिळालेलं बंद घड्याळ आहे. त्या काचेमागे गेलेली एकही वस्तू पुन्हा कामाला लागलेली मी पाहिली नाही. मला खरंच भीती वाटली, आणि नुसती इंजिनापुरती नाही.

रविवारी बैठकीत गोल रूळ मांडले. साडू हाताची घडी घालून सोफ्यावर बसले, शेजारी मेहुणी, दाराशी बायको. दिवा पेटवला. पाणी गुणगुणू लागलं, दाबाचा काटा चढला, मी झडप उघडली. इंजिन हललं! आणि धुराड्यातून पहिला भपकारा निघाला.

मिरच्यांचं बी आणि देठं धुराड्यातून आत पडून बसली होती. ती आता छान भाजली जात होती आणि वाफ त्यांचा धूर घरभर फेकत होती.

"अरे बाप्पा, मेलो!" साडू ओरडले आणि मेहुणीच्या चपला घालून फाटकाकडे पळाले. मेहुणी त्यांच्यामागे अनवाणी. शेजारच्यांनी धडाधड खिडक्या लावल्या. मला उठता येईना, कारण पेटता बॉयलर सोडून जायचं नाही हे माझ्या हाडात भिनलंय. नाकाला टॉवेल लावून बसलो. इंजिन गरगर फिरत होतं, काय देखणं धावत होतं! मी खोकत होतो, शिंकत होतो आणि मोठमोठ्याने हसत होतो.

पाणी संपलं, इंजिन थांबलं. साडू फाटकातूनच म्हणाले, "आम्ही तं काहीच पायलं नाही बा. शोकेस पक्कं!"

"मी पायलं ना," दारातून पदराआडून बायको म्हणाली. "मस्त धावलं. शोकेस-गिकेस काही नाही."

साडूंना पुन्हा जेवायला यायचं होतं. त्यांनी लगेच मान डोलावली.

पाहुणे गेल्यावर बॉयलर रिकामा करता करता मी तिला विचारलं, "वळणावर कसं झोकात गेलं, पाहिलंस ना?"

"मले काय मालूम? माझे डोळे उघडूनच नव्हते राहिले," ती म्हणाली. "तुम्ही हसून राहिले होते, तेवढं आयकलं."

मी मान खाली घालून चाकं पुसत राहिलो. डोळ्यांत पुन्हा पाणी आलं होतं, आणि आता ते मिरचीवर ढकलता येण्यासारखं नव्हतं.