सोवळ्यातल्या घरातला पाव
मुलांनो, आज गुलमंडीच्या बाजारात ताज्या पावाचा वास आला आणि लग्नानंतरची एक दुपार आठवली. आमच्या सोवळ्याच्या स्वयंपाकघरात बेकरीचा पाव चालत नसे, आणि आता मी नुकताच लावलेला फ्रेंचचा वर्गही सासूबाई बंद करायला निघाल्या होत्या. “फिरंग्यांची भाषा कशाला गं, सूनबाई?” त्यांनी विचारलं. मी म्हणाले, “आपला पाव हा शब्द पोर्तुगीजांचा. फ्रेंच त्याला ‘पँ’ म्हणतात, इटालियन ‘पाने’. सगळे लॅटिनच्या पोटचे.” “ही लॅटिन कुठं असते?” “आता कुणी बोलत नाही ती.” “म्हणजे मेली! तिचं सुतक माझ्या ओट्यावर नको.” मला हसू आलं, पण मी हटले नाही. “पाव ओसरीवर खाईन, वर्गाला मात्र जाणारच.” त्यांनी चहाचा कप पुढं सरकवला. “कोरडा खाऊ नकोस, ठसका लागेल. आणि दिवेलागणीच्या आत घरी ये.” तुम्ही पॅरिसला राहता, तिथल्या तुमच्या शेजारीणबाईंशी मी फोनवर गप्पा मारते ना, ते फ्रेंच त्या वर्गातलं.