वकीलसाहेबांचा आग्रह

"हवं तेवढंच घ्या, बरं का," एवढं म्हणून वकीलसाहेब पुढच्या पानाकडे सरकायचे. हातात पुरणपोळ्यांचं ताट, कमरेला पंचा खोचलेला. तुम्ही एकदा "नको" म्हणालात की विषय संपला.

आता आपल्या पंगतीत पहिलं "नको" मनापासून कोण म्हणतो, सांगा! पानावर दोन्ही हात आडवे धरायचे, यजमानाने ते बाजूला सारायचे, गळ्याची शपथ घालायची, मग कुरकुरत आणखी दोन पोळ्या रिचवायच्या, ही आपली रीत. मी तेव्हा कर्जत स्टेशनात तारबाबू होतो. एकटा, हाताने भात शिजवून खाणारा. त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा भिडेपोटी "नको" म्हणालो आणि अर्धपोटी घरी आलो. पुढच्या वेळेपासून लाज सोडली.

जेवू घालायची हौस मात्र दांडगी. कोजागिरीला आटीव दूध. माघात शेतावर पोपटी. वालाच्या शेंगांनी भरलेलं मडकं उपडं घालून भोवती जाळ करायचा, आणि कोर्टात रुबाबात उभे राहणारे वकीलसाहेब तिथे उकिडवे बसून धुराने डोळे पुसायचे. पण खरा थाट कार्तिकातल्या आवळीभोजनाचा. पळसदरीच्या वाटेवर त्यांची बाग होती. तिथल्या आवळ्याची पूजा व्हायची आणि त्याच्याखाली पंगत बसायची. कढीत आवळा, चटणीत आवळा, लोणच्यात आवळा. "आज आंबट तोंड करायला सगळ्यांना परवानगी," असं म्हणून ते स्वतःच हसायचे.

त्या पंगतीत पहिलं पान दरवर्षी रिकामं असायचं. कोणाचं, ते मला गणूने सांगितलं. गणू म्हणजे त्यांचा गाडीवान, भांडीकुंडी बैलगाडीतून बागेत आणायचा.

"भाऊसाहेबांचं पान हाय ते. खालापूरचं धाकलं भाऊ," तो म्हणाला. "आदी साहेब असं नव्हतं, बाबू. लई आग्रह करायचं."

झालं होतं ते असं. धाकट्या भावाची बायको श्रावणात वारली. त्याच कार्तिकात तो बागेत जेवायला आला. घास उतरत नव्हता. वकीलसाहेबांनी मायेपोटी त्याच्या पानात पोळीवर पोळी वाढली आणि बोलून गेले, "खा रे. खालापुरात आता तुला कोण वाढणार आहे?" भाऊ भरल्या पानावरून उठला आणि चालता झाला. त्या दिवसापासून वकीलसाहेबांनी आग्रह सोडला तो कायमचा.

माझ्या तिसऱ्या की चौथ्या आवळीभोजनाला, जेवणं निम्म्यावर आली असताना, बागेच्या कुंपणाशी एक गृहस्थ येऊन उभे राहिले. तेच नाक, तेच रुंद कपाळ. ओळख करून द्यायची गरजच नव्हती.

"ये. पान मांडलेलं आहे," वकीलसाहेब म्हणाले.

"नको, दादा. मी जेवून आलोय. सहज डोकावलो."

आमचे हात पानावरच थांबले. वकीलसाहेबांचे ओठ हलले, पण ते एवढंच म्हणाले, "बरं. तुला हवं तसं."

भाऊ थोडा वेळ तिथेच उभे राहिले. मग वाकून त्यांनी थोरल्या भावाला नमस्कार केला आणि निघून गेले.

संध्याकाळी भांडी गाडीत चढवताना गणूच्या तोंडून निघालं, "भाऊसाहेब वळनावर गाडीपाशी बसलं व्हतं. माज्याकडचं फुटानं खाल्लं. सकाळपास्नं पोटात काय नाय म्हनालं."

वकीलसाहेबांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. "मग मला सांगायचं ना त्याने!"

"आपल्या तोंडानं कसं सांगनार, साहेब?"

"एकदा हात धरायला हवा होता," ते म्हणाले. "एकदाच."

दुसऱ्या दिवशी ते खालापूरला गेले. परत आले ते पोरासारखे खुशीत. ज्याला त्याला सांगत होते, "म्हणाला, पुढच्या कार्तिकात पोटभर जेवीन, दादा. पण आग्रह करावा लागेल!"

भाद्रपदात तापाचं निमित्त झालं आणि भाऊ गेले. फार थोडक्यात राहून गेलं.

पुढच्या कार्तिकात वाटलं, बागेत यंदा चूल पेटणार नाही. पेटली. वकीलसाहेब ताट घेऊन आले आणि एकेकाचे आडवे हात बाजूला सारून वाढत सुटले. आम्ही मुकाट्याने घेत होतो. सगळ्यांना वाढून झाल्यावर ते पहिल्या पानापाशी गेले. वाकून त्यांनी एक पोळी वाढली. मग दुसरी.

"घे रे. गळ्याची शपथ आहे माझ्या. एवढी एकच."

आम्ही माना खाली घालून जेवत राहिलो. भरल्या पानावरून उठता येत नव्हतं.