घाई हाय का खात्री पायजे?

आमच्या नेटवर्कच्या मॅडम फळ्यावर व्याख्या कधी लिहीत नसत. नांदेडच्या तंत्रनिकेतनात आम्ही शिकत होतो, तेव्हा कुठलाही प्रोटोकॉल, म्हणजे माहिती पाठवायची रीत, शिकवण्याआधी त्यांचा एकच प्रश्न असे, "घाई हाय का खात्री पायजे?"

निकालाची फाइल पाठवायची तर खात्री, म्हणजे टीसीपी. "ते हरेक तुकड्याची पोच मागतं. हरवला तर पुन्हा धाडतं. जरा सावकाश, पण एक मार्क इकडचा तिकडं होत न्हाई." फोनवरचं थेट बोलणं पाठवायचं तर घाई, म्हणजे यूडीपी. "गेलेला शब्द आणायला मागं फिरलं, तर पुढचं बोलणं खोळंबतं. गेला तर गेला."

एकदा एका मुलाने टेलनेट या जुन्या, उघड्या वाटेने लॅबमधला नेटवर्कचा स्विच उघडला. तसा टाकलेला पासवर्ड वाटेत कुणालाही वाचता येतो, हे दाखवायला मॅडमनी तो आपल्या स्क्रीनवर पकडला. निघालं एका मुलीचं नाव. स्क्रीन झटकन बंद करत त्या म्हणाल्या, "मी कायबी वाचलं न्हाई. दुसऱ्यानं वाचलं असतं. उद्यापासून एसएसएच वापरा, त्यात सगळं कुलूपबंद जातं."

निवृत्तीनंतर त्या चाकूरला एकट्याच राहिल्या. मुलगा कॅनडात. मी लातूरच्या एका दवाखान्यात नेटवर्क सांभाळतो; त्यांचा राउटर बिघडला की जायचो. मुलगा सवड मिळेल तसे आवाजी निरोप रेकॉर्ड करून धाडायचा. त्या ऐकायच्या आणि फोन पालथा ठेवायच्या.

"सगळं स्पष्ट येतंय की, मॅडम."

"येतंय. पण मधीच 'जेवलास का' म्हणलं, तर तो थांबत न्हाई."

एका रविवारी त्याचा थेट फोन आला. चित्र गोठलं, आवाज तुटायला लागला. मी पुन्हा जोडायला हात पुढे केला, तर त्यांनी माझं मनगट धरलं. "राहू दे. बोलून राहिलाय तो." अर्धं कळत होतं, अर्धं नाही. त्या मात्र प्रत्येक वाक्याला "हाव, हाव" म्हणत होत्या.

गेल्या हिवाळ्यात त्या झोपेतच गेल्या. मुलगा आला. सगळं उरकल्यावर मी नेटची जोडणी काढायला गेलो, तर तो ओसरीवर बसला होता.

"आई संध्याकाळी काय करायची?" त्याने विचारलं.

शेजारणीबरोबर मारुतीच्या पारापर्यंत जायच्या, येताना भाजी घ्यायच्या, रेडिओ लावून एकटीपुरती भाकरी टाकायच्या, असं मी सांगत गेलो.

"मग?"

आठवेल तेवढं मी आणखी सांगितलं. मग माझ्याजवळचं संपलं. तो मात्र पुढचं ऐकायला तसाच माझ्याकडे बघत बसला होता.